विमान लहान की पगार लहान?

दिवाळीच्या आधी एका सकाळी आम्ही अंगणात चिवड्याच्या पोह्यांवर पहारा करीत बसलो होतो. पोहे उन्हात टाकणे हे बायकांचे काम आणि कावळे हाकणे हे आमचे, अशी वाटणी आमच्या घरात फार वर्षांपूर्वीच झाली आहे. इतक्यात फाटक वाजले आणि शेजारचे गुरुजी आत आले. हातात कापडी पिशवी. गुरुजींच्या पिशवीत एरवी पालक नाही तर मेथी असते. त्या दिवशी तीतून सातबाराचा उतारा निघाला, बँकेचे छापील कागद निघाले आणि शेवटी एक गुळगुळीत कागदाचे रंगीत माहितीपत्रक निघाले. त्यावर पांढरेशुभ्र विमान आणि त्याच्या पंखाला टेकून उभा असलेला एक हसतमुख तरुण.

आम्ही काय ते ओळखले. गुरुजींचे धाकटे चिरंजीव पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन बारावी झाले, तेव्हापासून घरात या माहितीपत्रकाचेच पारायण चालू होते. मुलाला वैमानिक व्हायचे आहे. परवाना आणि त्यापुढचे विशिष्ट विमानाचे शिक्षण असा सगळा खर्च धरला तर आकडा पन्नास लाखांच्या पुढे जातो. आणि गुरुजींजवळ आहे काय, तर मोहाडीकडची चार एकर धानाची जमीन आणि पेन्शन.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही लिहिता-वाचता जी, म्हणून इचारतो. पोरगा म्हणते, पहिल्यांदा लहान विमान मिळंन, रीजनल जेट का काय म्हणते तो. मंग मोठं. आता जेट म्हणजे मोठंच असन न जी? आन् लहान असन तर पगारबी लहानच काय?"

गुरुजींनी एका दमात दोन प्रश्न विचारले आणि आम्ही दोन्हींत अडकलो. पोह्यांवर कावळा बसला, तोही हाकायचे राहून गेले. पुढे पंधरा दिवस आम्ही वाचन केले, चार जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले ते या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहोत. फराळाबरोबर थोडे विमानही चघळायला हरकत नाही.

आता भंडाऱ्याच्या माणसाने विमानावर लिहावे म्हणजे जरा धाष्टर्यच. आमच्या गावाला पितळेची भांडी आहेत, तळी आहेत, वैनगंगा आहे. रेल्वेचे स्टेशनदेखील गावात नाही, ते वरठीला. विमानतळ तर नाहीच. डोक्यावरून कलकत्त्याकडे जाणारी विमाने पांढरी रेघ ओढीत जातात, तेवढाच आमचा आणि त्यांचा ऋणानुबंध. तरी एक गोष्ट अभिमानाने सांगता येण्यासारखी आहे. गोंदियाजवळचा बिरसीचा विमानतळ १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भावांच्या वाटणीत विहीर जावी तशी धावपट्टी तिकडे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. पुढे कित्येक वर्षे ती ओस होती. प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात विमानवाहतूक मंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत तिचे भाग्य उजळले, आणि कॅनडाची सीएई कंपनी व आपले विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून तेथे वैमानिकांची शाळा काढली. गुरुजींच्या माहितीपत्रकाचे मूळ हे असे रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे.

आणि नागपूर? स्वातंत्र्यानंतर १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तिचे ठाणे नागपूर होते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून चार विमाने संध्याकाळनंतर निघत, मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला! चार दिशांच्या चार सासुरवाशिणी मध्यरात्री माहेरच्या विहिरीवर भेटाव्यात तसा तो प्रकार. ही विमाने बहुतेक डाकोटा होती, पंचवीस-तीस माणसांना पुरतील एवढी. पण त्यांना कोणी लहान म्हटले नाही. त्या वेळी विमान म्हणजे तेच होते.

येथेच आमच्या पहिल्या प्रश्नाची गाठ पडते. लहान विमान कशाला म्हणावे?

आम्हाला आधी वाटले, खुर्च्या मोजाव्यात. पण १९६४ साली इंडियन एअरलाइन्सने कॅराव्हेल हे आपले पहिले जेट विमान आणले, त्यात ऐंशीच्या आसपास माणसे बसत. ते तेव्हाचे राजेशाही विमान! त्यातून उतरलेला माणूस आठ दिवस तरी पायी चालत नसे. आज ७६ खुर्च्यांचे एम्ब्रेअर विमान येते, त्याला मात्र 'रीजनल', म्हणजे प्रादेशिक म्हणायचे. बरे, ही ब्राझीलची एम्ब्रेअर कंपनी १४६ खुर्च्यांपर्यंतचे विमान बनवते तेही प्रादेशिक वर्गात मोडते, आणि एअरबसचे ए-३१८ हे शंभर-सव्वाशे खुर्च्यांचे विमान मोठ्यांच्या पंगतीत बसते. एंजिनावरून ठरवावे, तर तेही जमत नाही. बिरसीला आले ते एटीआर, म्हणजे पंखा फिरवणारे विमान, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाणारे. एम्ब्रेअर जेट, ताशी आठशेच्या वर जाणारे. दोन्ही प्रादेशिकच. किती दूर जाते यावरून म्हणाल, तर हे एम्ब्रेअर नागपूरहून उडून देशातले कोणतेही मोठे शहर न थांबता गाठू शकते.

मग ठरते कशावरून? उत्तर ऐकून आम्ही चाट पडलो. ते विमानाच्या कारखान्यात नाही, वैमानिकांच्या पगाराच्या करारात आहे. म्हणजे गुरुजींचे दोन प्रश्न मुळात एकच होते.

ही कथा अमेरिकेतली आहे. तेथल्या वैमानिकांनी १९३१ साली आपली संघटना काढली. त्या वेळी ते बहुतेक टपाल नेणारे धाडसी लोक होते, आणि मालक त्यांचा पगार कापायला टपले होते. १९३४ साली सरकारी श्रम मंडळाने निवाडा दिला, तो 'निर्णय क्रमांक ८३' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात ठरले की महिन्याला ८५ तासांहून अधिक उडायचे नाही, आणि पगार नुसत्या तासांवर न देता विमानाच्या वेगावरही द्यायचा. विमान जलद झाले की तेवढ्याच तासांत मालकाचे काम अधिक होते, तेव्हा त्या वाढीत वैमानिकाचाही वाटा हवा, हे त्यामागचे तत्त्व. महायुद्धानंतर मोठी विमाने आली तेव्हा त्यात विमानाच्या वजनाचीही भर पडली. वजन जास्त, माणसे जास्त, पगार जास्त. तेव्हापासून मोठ्या विमानाच्या कप्तानाला मोठा आणि लहान विमानाच्या कप्तानाला लहान पगार ही रीत जगभर रुजली.

आता मालक हा मालकच असतो, मग तो विड्यांचा असो की विमानांचा. त्यांनी युक्ती काढली. लहान गावांच्या फेऱ्या आपण करायच्याच नाहीत, दुसऱ्या एखाद्या लहान कंपनीला मक्त्याने द्यायच्या. विमानावर नाव आणि रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचे, आत वैमानिक मात्र मक्तेदाराचा आणि पगारही मक्तेदाराचा. वीस-तीस खुर्च्यांची पंख्याची विमाने होती तोवर मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी तिकडे कानाडोळा केला. पण १९९२ साली कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीचे ५० खुर्च्यांचे जेट जर्मनीत प्रवासी नेऊ लागले आणि लगोलग अमेरिकेतही पोहोचले. हे जेट दूर जाई, जलद जाई. तेव्हा वैमानिकांना कळून चुकले की आज पन्नास खुर्च्या मक्त्याने गेल्या, उद्या शंभर जातील, आणि परवा आपणच घरी जाऊ.

म्हणून त्यांनी करारात एक कलम घालून घेतले. त्याला तिकडे 'स्कोप क्लॉज' म्हणतात. आपण त्याला बांध म्हणू. आज मोठ्या अमेरिकन कंपन्यांत हा बांध साधारणपणे ७६ खुर्च्या आणि ८६,००० पौंड वजन, म्हणजे सुमारे ३९ टन, येथे घातलेला आहे. त्याच्या अलीकडचे विमान मक्तेदाराला देता येते, पलीकडचे नाही. बांधाच्या अलीकडचे जेट ते प्रादेशिक जेट!

धानाच्या बांधीचा धुरा कोणी वीतभर सरकवला तर आमच्याकडे तीन पिढ्या कोर्टात जातात. या बांधाने तर कारखाने हलवले. एम्ब्रेअरने आपल्या ७६ खुर्च्यांच्या विमानाला नवी, कमी तेल पिणारी एंजिने बसवली. पण नवी एंजिने जड, विमान ४४ टनांवर गेले आणि बांधाच्या पलीकडे पडले. अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक मिळेना. जुनेच विमान खपत राहिले. जपानच्या मित्सुबिशीने मोठ्या हौसेने आपले जेट बनवायला घेतले होते. त्याचाही पहिला नमुना या बांधाला अडखळला, पुढे दुसऱ्या अडचणी वाढत गेल्या आणि २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी तो उद्योगच गुंडाळला. आणखी एक मौज सांगतो. काही करारांत ५० खुर्च्यांपुढच्या विमानांची संख्याही बांधून दिलेली असते. तेव्हा एका कंपनीने २०१९ साली सत्तर खुर्च्यांच्या विमानातल्या वीस खुर्च्या काढून टाकल्या आणि मोकळ्या जागेत सामानाची कपाटे बसवली. प्रवासी खूश, की केवढी ही ऐसपैस सोय! ती सोय त्यांच्यासाठी केलेली नाही, एका कलमातून वाट काढण्यासाठी केली आहे, हे त्यांना कोण सांगणार?

गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या विड्यांसारखंच झालं न जी हे."

आम्ही थबकलो. गुरुजींच्या मातोश्रींनी विड्या वळून मुले शिकवली. भंडारा-गोंदियाकडे अशी हजारो घरे होती आणि अजूनही आहेत. विडीची मजुरी हजारी दराने. तेंदूची पाने भिजवा, पुसा, कात्रीने कापा, तंबाखू आणा, बंडल बांधा, कारखान्यात नेऊन द्या. या कशाचाही हिशेब नाही. वळलेल्या विड्या मोजायच्या, त्यांतल्या काही छाटून टाकायच्या, आणि उरलेल्यांचा हजारी दर हातावर ठेवायचा. अमेरिकेतल्या वैमानिकाचेही बरेचसे असेच असते. विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू आणि मुक्कामाच्या जागी थांबले की बंद. त्याआधी तासभर येऊन हवामान पाहणे, कागद तपासणे, विमानाभोवती फिरून चाके न्याहाळणे, दोन फेऱ्यांमध्ये तीन तास ताटकळणे, हा सगळा पाने भिजवण्याचा वेळ. आणि लहान विमानवाल्याच्या फेऱ्या आखूड. तो दिवसातून चार-पाच वेळा उतरतो आणि तितक्याच वेळा पाने भिजवतो. मोठा कप्तान एकदा उडाला की आठ तासांचा दर लावूनच खाली येतो. आपल्याकडे वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडायची परवानगी नाही, तेव्हा जास्त विड्या वळून भागवण्याचीही सोय नाही.

खरे तर कठीण काम लहान विमानाचे. लहान गावची धावपट्टी आखूड, रात्री दिवे अपुरे, धुक्यात वाट दाखवणारी यंत्रे नाहीत. पण वजन कमी म्हणून मोल कमी.

याची किंमत शेवटी कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ असेच एक मक्त्याचे विमान कोसळले. आतले ४९ आणि खाली घरातला एक, अशी ५० माणसे गेली. विमानावर नाव मोठ्या कंपनीचे होते. चौकशीत दोष निघाला तो कप्तानाचा. विमानाचा वेग पडल्याची सूचना मिळताच त्याने नाक खाली करायचे ते वर ओढले. पण चौकशीत आणखीही निघाले. सहवैमानिक चोवीस वर्षांची मुलगी. ती राही देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे, आणि आदल्या रात्री मालाच्या विमानांतून मजल दरमजल करीत कामावर आली होती. तिचा पगार जेव्हा वाचून दाखवला गेला तेव्हा ऐकणारे थक्क झाले. विमानात बसताना आपण सगळेच समजतो की पुढे बसलेला माणूस गडगंज आणि गाढ झोपून आलेला आहे!

त्या अपघातात घरची माणसे गमावलेल्यांनी चिवटपणे खटपट केली आणि २०१० साली कायदा झाला. २०१३ पासून तेथे सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव लागतो. पूर्वी २५० पुरत. झाले असे की माणसे मिळेनाशी झाली. इतके तास जमवायला पैसा लागतो, वर्षे लागतात, आणि पुढे मिळणार काय, तर तो पगार. करोनाच्या साथीनंतर तर फारच तुटवडा झाला. तेव्हा कुठे २०२२ च्या जूनमध्ये काही प्रादेशिक कंपन्यांनी सहवैमानिकाचा आरंभीचा दर तासाला ९० डॉलरपर्यंत नेला. त्याच वर्षी एका मोठ्या प्रादेशिक कंपनीने वैमानिक नाहीत म्हणून २९ लहान गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली होती. पगार कमी होता तेव्हा गावाला विमान होते, तो वाढला तेव्हा विमान गेले! अर्थशास्त्रवाले याला काय म्हणतात देव जाणे. आमच्या मते त्या गावांना इतकी वर्षे विमान मिळाले ते वैमानिकांच्या पोटाला चिमटा काढून मिळाले.

आता आपल्या देशाकडे वळू, कारण गुरुजींचा मुलगा काही अमेरिकेला जात नाही.

आपल्याकडे वैमानिकांच्या करारातला बांध नाही, पण सरकारी बांध आहेत आणि ते योगायोगाने त्याच जागी पडतात. २००४ साली ८० पेक्षा कमी खुर्च्यांच्या विमानांना विमानतळावरची उतरणावळ माफ झाली. पुढे ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावर सवलतीचा विक्रीकर ठरला. म्हणून तर इंडिगोच्या एटीआरमध्ये खुर्च्या ७८ आणि कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरच्या मोठ्या एम्ब्रेअरमध्ये ७६. ही स्टार एअर २०१९ साली ५० खुर्च्यांचे जेट घेऊन सुरू झाली. मराठी माणसाने काढलेली जेट विमानांची कंपनी म्हणून आम्हाला तिचे कौतुक आहे. पण लहान विमानांच्या धंद्याची कुंडली पाहिली की छाती धडधडते. सरकारी वायुदूत १९८१ साली निघाली, १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली. दक्षिणेतली पॅरामाउंट एम्ब्रेअर जेट घेऊन २००५ साली उडाली, २०१० मध्ये बसली. एअर कोस्टा २०१३ ते २०१७. नांदेड-जळगावला विमान आणणारी ट्रूजेट २०२२ साली थांबली.

बिरसीचे तरी काय? उडान योजनेत निम्म्या खुर्च्यांचे भाडे सरकार बांधून देते आणि तोटा काही काळ भरून देते. तीतून १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिगचे एटीआर बिरसीहून इंदूर आणि हैदराबादला निघाले. हारतुरे झाले. काही महिन्यांतच ते बंद पडले. १ डिसेंबर २०२३ रोजी इंडिगोचे आले, हैदराबादवरून तिरुपतीला जाणारे. तेव्हा भंडाऱ्यातली कितीतरी मंडळी बालाजीच्या दर्शनाला विमानाने जाण्याचे बेत करू लागली होती, त्यांत आमचे घरही होते. घरातल्या निम्म्या मंडळींना विमानाची भीती वाटते आणि उरलेल्यांना तिकिटाची, म्हणून तो बेत बेतच राहिला.

पगाराचे म्हणाल तर रीत तीच. एकाच कंपनीत एटीआरच्या कप्तानापेक्षा एअरबसच्या कप्तानाला अधिक. मात्र एक फरक गुरुजींच्या मुलाच्या बाजूचा आहे. आपल्याकडे २०० तास उडून व्यावसायिक परवाना मिळाला की सहवैमानिक म्हणून थेट मोठ्या विमानातही बसता येते. कप्तान होण्यासाठीच्या परवान्याला मात्र १५०० तास लागतात. म्हणजे लहान विमान ही पहिली पायरी असलीच पाहिजे असे नाही. पण जागा निघेल तेथे उभे राहावे लागते, आणि परवाना खिशात घेऊन दोन-दोन, तीन-तीन वर्षे नोकरी शोधणारी मुलेही याच देशात आहेत. त्या काळात बँकेचे व्याज काही थांबत नाही. नोकरी लागली तर ती सोडणेही सोपे नाही. २०१७ पासून सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कप्तानाला वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते. आमच्याकडे सालगडीदेखील अक्षय्यतृतीयेला मोकळा होतो!

हे सारे आम्ही गुरुजींना ओटीवर बसून सांगितले. त्यांच्या सौभाग्यवतीही दाराआडून ऐकत होत्या. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात पडले आणि शिकवणारा व शिकणारी मुलगी दोघेही गेली, तेव्हापासून त्या माउलीला बिरसीचे नावदेखील नको झाले आहे. मुलगा स्वतः कोपऱ्यात उभा होता. त्याला आम्ही विचारले, "काय रे, लहान विमान मिळाले, तेही उशिरा, आणि पगार एअरबसवाल्यापेक्षा कमी, तर?"

तो म्हणाला, "काका, मले तं एटीआरच पाह्यजे. थे खालून उडते. त्यातून वैनगंगा दिसते."

आता याला काय बोलावे? आम्ही एवढेच सांगितले की जमीन गहाण टाकण्याआधी डोळे तपासून घे. वैमानिकाला विमानवाहतूक खात्याने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते, आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. रंग ओळखण्यात किंवा हृदयात काही उणे निघाले तर पन्नास लाखांचे शिक्षण घेऊनही कॉकपिटचे दार उघडत नाही. ही तपासणी काही हजारांत होते आणि ती प्रवेशाच्या आधी करता येते. पुष्कळ जण उलटे करतात. आधी पैसे भरतात आणि मग डॉक्टरांकडे जातात.

गुरुजींनी सातबारा घडी घालून पिशवीत ठेवला. बँकेचे कागदही ठेवले. माहितीपत्रक मुलाने काढून घेतले.

भाऊबीज झाल्यावर बापलेक एस.टी.ने नागपूरला जायचे आहेत, तपासणीला. गुरुजींनी आम्हालाही बरोबर चला म्हटले आहे. वाटेत मौदा लागते, तिथे चहा घ्यायचा असे ठरले आहे. मुलगा गेले आठ दिवस रोज संध्याकाळी गाजर खातो आहे, हे आम्हाला त्याच्या आईने सांगितले.